कुत्र्याला घरचं जेवण घालताना ताटात काय नाहीये ते आधी बघा

टिपू आम्हाला रापणीवर सापडला. जाळं ओढून झालं की वाळूत जी बारीक मासळी उरते तिच्यावर कावळे आणि कुत्री तुटून पडतात, त्या गर्दीत हा दीड महिन्याचा, एकटाच कुईकुई करत बसलेला. घरी आणला आणि ठरवलं की याला पाकिटातलं काही नको, ताजं घरचंच घालायचं. रोज बोनलेस चिकन उकडून, त्यात मऊ भात, कधी थोडं गाजर. पिल्लू गुटगुटीत झालं, अंग चकाकायला लागलं, येणारा जाणारा म्हणायचा काय मस्त ठेवलाय. आणि साडेचार महिन्यांचा झाला तेव्हा एका सकाळी तो पडवीची पायरी चढेना. पुढचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेले, उचलायला गेलं की ओरडायचा.

कुडाळला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून दाखवला, एक्स-रेत हाड कसं पांढरं स्वच्छ दिसायला पाहिजे, इथे हाडाचा आणि आजूबाजूच्या मांसाचा रंग जवळपास सारखाच, राखाडी. काय घालता विचारलं, मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मांस घालता, भात घालता, हाडासाठी काय घालता? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी कायम एकच गोष्ट बघत होतो, ताटात वाईट काही जात नाही ना. ताटात काय नाहीये हे बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुत्र्याच्या घरच्या जेवणाचा सगळा घोळ तिथेच असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नक्की काय झालं होतं ते आधी समजून घेऊ. शरीराला रक्तातलं कॅल्शियम एका ठराविक पातळीला ठेवावंच लागतं, ते घसरलं तर स्नायू आणि हृदय नीट चालत नाही, त्यामुळे तिथे तडजोड नाही. गळ्यात पॅराथायरॉइड नावाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या सतत ही पातळी बघत असतात आणि जेवणातून कॅल्शियम आलं नाही की हाडातून उचल करायला लावतात. रोज थोडी थोडी उचल, वरून काही कळत नाही, कुत्रा खेळतोय, खातोय, आणि आत हाड पोकळ होत चाललंय. त्यात मांसाची अजून एक गंमत म्हणजे त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, १०० ग्रॅम चिकनमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि कॅल्शियम १२-१५ मिलिग्रॅम. कुत्र्याला हे प्रमाण उलटं लागतं, एक भाग फॉस्फरसला एक ते दोन भाग कॅल्शियम. जास्तीचा फॉस्फरस त्या ग्रंथींना अजून डिवचतो आणि हाडावरची उचल वाढते. पिल्लाचं हाड तर त्याच वेळी बांधलं जात असतं, त्यामुळे त्याला दुहेरी मार. म्हणजे चांगलं म्हणून मी जेवढं जास्त मांस घालत होतो तेवढं ते हाड कमकुवत होत होतं.

टिपू वाचला. दोन महिने उड्या बंद, छोट्या जागेत बांधून ठेवला, पिल्लांचं तयार खाणं आणि डॉक्टरांनी मोजून दिलेलं कॅल्शियम. आता चार वर्षांचा आहे, धावतो व्यवस्थित, फक्त पुढचा डावा पाय किंचित बाहेर वळलेला राहिला तो राहिलाच.

हे सगळं चालू असताना शेजारच्या काकी रोज यायच्या आणि म्हणायच्या, "अरे पेज घाल तेका, काय होवचा नाय, आमचे कुत्रे पेजेरच वाढले." आणि हे खोटं नाहीये. माझ्या आजीचा कुत्रा पण उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढला. पण नीट आठवून बघा, तो फक्त पेजेवर होता का? बांगडे साफ केले की डोकी आणि आतडी त्याला, तारल्यांचे काटे त्याला, कोंबडी कापली की नको असलेलं सगळं त्याला, शिवाय दिवसभर मोकळा, किनाऱ्यावर चिंबोऱ्या फोडून खायचा, शेतात उंदीर मारायचा. म्हणजे आजीच्या ताटात जे नव्हतं ते तो बाहेरून स्वतः भरून काढत होता, हाडं, काटे, काळीज, कवचं सगळं. आणि तरी सहा-सात वर्षांच्या पुढे गेलेले गावठी कुत्रे तेव्हा किती होते ते पण आठवा. आताचा कुत्रा साखळीला किंवा गेटच्या आत असतो, त्याला आपण जे वाढू तेवढंच त्याचं जग, बाहेरून भरून काढायची सोयच नाही. मग आपण बोनलेस चिकन आणि भात वाढून म्हणतो की पूर्वी कुठे काय होत होतं.

भाताबद्दल एक सांगून टाकतो कारण कुत्रा मांसाहारी आहे, त्याला भात विष आहे असं हल्ली फार ऐकायला येतं. तसं नाहीये. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून बघितली, स्टार्च पचवणारं जे एन्झाइम स्वादुपिंडात तयार होतं त्याच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती सापडल्या आणि कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं काढली त्याचा हा परिणाम. तेव्हा नीट शिजलेला भात कुत्र्याला पचतो, चांगला पचतो. भातात दोष नाही, नुसत्या भातात आहे.

आता किती घालायचं. याला एक हिशोब आहे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं वजन किलोत घ्या, त्याला त्याच आकड्याने दोनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० ने गुणा. टिपू १६ किलोचा आहे. १६ गुणिले १६ गुणिले १६ म्हणजे ४०९६, एकदा वर्गमूळ ६४, परत वर्गमूळ ८, गुणिले ७० म्हणजे ५६०. एवढ्या कॅलरी नुसतं पडून राहायला लागतात. नसबंदी झालेल्या, साधारण फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्याला याच्या १.६ पट धरतात, म्हणजे टिपूला ९०० च्या आसपास. हा आकडा सुरुवातीचा आहे, दगडावरची रेघ नाही, एखादा कुत्रा तेवढ्यातच सुटतो आणि एखादा वाळतो. खरी परीक्षा हाताने करायची, बरगड्यांवरून हलका हात फिरवला की त्या एकेक हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून दिसता कामा नयेत, आणि वरून बघितलं तर पोटापाशी कंबर दिसली पाहिजे. वजन करायला स्वतः कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, महिन्यातून एकदा पुरे.

टिपूचं सध्याचं दिवसाचं जेवण असं असतं: शिजवलेलं चिकन २०० ग्रॅम, चामडी काढलेलं, शिजलेला भात २५० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, मूठभर लाल भोपळा किंवा दुधी, एक छोटा चमचा सूर्यफुलाचं तेल. दोन वेळात विभागून. मीठ नाही, मसाला नाही. कॅलरी ८५० च्या आसपास, मग संध्याकाळी एखादी उकडलेली तारली वरून. प्रोटीन साठ ग्रॅमच्या पुढे जातं, ते भरपूर झालं. दिसायला हे ताट इतकं छान दिसतं ना की कुणीही म्हणेल अजून काय पाहिजे.

आता यातलं कॅल्शियम मोजा. चिकनमधून पंचवीसेक मिलिग्रॅम, भातातून तेवढंच, अंड्याच्या आतल्या भागातून तेवढंच, भोपळ्यातून थोडं. सगळं मिळून १०० मिलिग्रॅमच्या घरात. आणि अमेरिकेतली पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची जी संघटना आहे, आफ्को, तिचं मोठ्या कुत्र्यासाठीचं किमान प्रमाण आहे दर १००० कॅलरीमागे १२५० मिलिग्रॅम. टिपूच्या ९०० कॅलरीला ११०० च्या वर. म्हणजे रुपयाची गरज आणि हातात दहा पैसे, आणि हे मोठ्या कुत्र्याचं, पिल्लाला तर हेच प्रमाण १००० कॅलरीमागे ३००० मिलिग्रॅम लागतं.

इथे दोन उत्तरं हमखास येतात, नाचणी आणि दूध. नाचणी आपल्याकडची कॅल्शियमची राणी, खरंच आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण ११०० मिलिग्रॅम नाचणीतूनच द्यायचं ठरवलं तर रोज ३०० ग्रॅमच्या वर पीठ लागेल आणि तेवढ्यातच त्याच्या दिवसाच्या सगळ्या कॅलरी संपून जातील, मांसाला जागाच नाही, शिवाय नाचणीत फायटेट असतं ते यातलं बरंचसं कॅल्शियम धरून ठेवतं. दुधाचं म्हणाल तर १०० मिलीला १२० मिलिग्रॅम, म्हणजे रोज जवळपास लिटरभर दूध, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. नाचणीची आंबील घाला, दही घाला, आवडीने खातात, फक्त त्यावर हाडं उभी राहतील असं धरून चालू नका.

टिपूच्या आताच्या ताटातला कॅल्शियमचा प्रश्न सुटला तो अंड्याच्या टरफलाने. टरफल म्हणजे जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेट, एका कोंबडीच्या अंड्याच्या टरफलात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस नगण्य, म्हणजे मांसात जे जास्त आहे ते इथे नाही आणि जे नाही ते भरपूर आहे. करायचं कसं ते नीट सांगतो कारण यात लोक घाई करतात. टरफलं धुऊन दहा मिनिटं खळखळून उकळायची, कोंबडीची विष्ठा लागलेली असते आणि साल्मोनेला असू शकतो. मग उन्हात, पावसाळ्यात असेल तर मंद तव्यावर, बोटाने दाबली की कडकन मोडतील इतकी कोरडी करायची. आतला पातळ पापुद्रा सुटला तर काढायचा, नाही सुटला तरी बिघडत नाही. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवायचं, पहिल्यांदा ते खडबडीत होतं, वाळूसारखं, तेवढ्यावर थांबायचं नाही, परत फिरवायचं आणि पिठाच्या बारीक चाळणीतून चाळायचं, दोन बोटात चोळलं की तांदळाच्या पिठीसारखं लागलं पाहिजे. वर राहिलेला भरडा परत मिक्सरमध्ये. ही पूड काचेच्या कोरड्या बरणीत ठेवायची. चहाचा सपाट अर्धा चमचा म्हणजे १ ग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम, टिपूला दिवसाला तेवढंच, थोडं सकाळी थोडं संध्याकाळी जेवणात कालवून. जास्त घातलं तर जास्त चांगलं असं अजिबात नाही, फाजील कॅल्शियम झिंक शोषू देत नाही आणि मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांची वाढच बिघडवतं. म्हणून वर्षाच्या आतल्या पिल्लाला माझं मत स्पष्ट आहे, पूर्णपणे घरच्या जेवणावर ठेवू नका, पिल्लांसाठीचं तयार खाणं मुख्य ठेवा आणि घरचं वरून चवीला. मी एकदा चुकलोय आणि त्याची किंमत टिपूच्या पायाने दिलीय.

कॅल्शियम झालं म्हणजे सगळं झालं असं पण नाही. वरच्याच ताटात झिंक बघा, १००० कॅलरीमागे २० मिलिग्रॅम लागतं, या जेवणातून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं येतं. झिंक कमी पडलं की केस निस्तेज होतात, डोळ्यांभोवती आणि तोंडाच्या कडेला खपल्या धरतात, आपण खरूज समजून औषधं लावत बसतो. व्हिटॅमिन ई कमी, व्हिटॅमिन डी कमी, मँगनीज कमी. आठवड्यातून दोनदा ३०-४० ग्रॅम कोंबडीचं काळीज, म्हणजे लिव्हर, घातलं तर व्हिटॅमिन ए भरून निघतं, पण रोज नाही, काळजातलं व्हिटॅमिन ए अंगात साठत जातं आणि जास्त झालं की तेही हाडांनाच त्रास देतं. बाकीच्यासाठी कुत्र्यांसाठीच असलेली व्हिटॅमिन-मिनरलची पावडर लागतेच, डॉक्टरांना ताटाचा हिशोब दाखवून कुठली आणि किती ते ठरवायचं. आपल्याकडे गावात दवाखाना बहुतेक गुरांचा, त्यामुळे गोठ्यातलं गुरांचं मिनरल मिक्श्चर चिमूटभर कुत्र्याला घालणारे लोक मी बघितलेत. ते करू नका, त्यातली प्रमाणं गाई-म्हशीसाठी ठरवलेली असतात.

आणि एक फार महत्त्वाचं. व्हिटॅमिन डी कमी आहे म्हणून घरात माणसासाठी आणलेलं, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायचं ६०,००० युनिटचं पाकीट कुत्र्याला कधीही देऊ नका. कुत्र्यात किलोमागे साधारण ४,००० युनिटला विषबाधेची लक्षणं सुरू होऊ शकतात, म्हणजे १०-१५ किलोच्या कुत्र्याला एकच पाकीट पुरे, रक्तात कॅल्शियम भडकतं आणि किडन्या जातात. ते पाकीट आणि गोळ्या कुत्र्याच्या तोंडाला लागतील अशा जागी ठेवू पण नका.

कुणी म्हणेल एवढं कशाला, इंटरनेटवर रेसिपी ढिगाने आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजातल्या लोकांनी २०१३ साली नेमकं हेच तपासलं, पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या २०० रेसिपी घेतल्या, ९५ टक्के रेसिपींत निदान एक तरी अत्यावश्यक घटक कमी निघाला आणि ८० टक्क्यांहून जास्त रेसिपींत एकापेक्षा जास्त. रोज वेगळी रेसिपी केली की आपोआप भरून निघेल असं मलाही वाटायचं, पण बहुतेक रेसिपींत कमी पडणारे घटक तेच तेच असतात, तर सोमवारी झिंक नाही, मंगळवारी झिंक नाही, मग बुधवारी ते येणार कुठून.

आता आपल्याकडचा खरा खजिना, मासे. तारली आणि बांगडा कुत्र्यासाठी सोनं आहे, ओमेगा-३, आयोडीन, व्हिटॅमिन डी, आणि लहान मासे असल्यामुळे सुरमई किंवा मोरीसारख्या मोठ्या माशांत जो पारा साठतो तो यांच्यात कमी. तारली मी डोकं-आतडी काढून कुकरमध्ये थोड्या पाण्यात मंद आचेवर पाऊण तास ठेवतो, मग एक मासा उघडून मधला काटा दोन बोटात दाबून बघतो, खडूसारखा भुगा झाला तरच घालतो. टोचला तर परत कुकरला. कोंबडीचं किंवा मटणाचं शिजलेलं हाड मात्र कधीच नाही, शिजल्यावर ते ठिसूळ होऊन धारदार तुकडे पडतात आणि घशापासून आतड्यापर्यंत कुठेही घुसतात. कच्चा मासा पण नको, काही कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं ते व्हिटॅमिन बी-१ मोडून टाकतं, कुत्रा लटपटायला लागतो, शिजवलं की ते एन्झाइम जातं. खारा बांगडा नको, मीठ फार. बिनमिठाचा सुका जवळा चालतो पण चार पाण्यातून धुऊन, वाळू असते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मी अंडी वाढवतो आणि जवळा वापरतो. आणि किनाऱ्यावर फिरवताना लक्ष ठेवा, लाटेबरोबर आलेला केंड मासा, तो फुगणारा, कुत्रे पटकन तोंडात धरतात. त्यातलं विष नसा बधिर करून श्वास बंद पाडतं, शिजवून सुद्धा जात नाही.

सगळ्यात जास्त घरांत कुत्र्याला काय मिळतं तर उरलेल्या कालवणात कुस्करलेला भात. कालवणात कांदा, लसूण, चिंच, तिखट, मीठ. कांदा-लसणीतले गंधकयुक्त पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने, तळल्याने, सुकवल्याने यात फरक पडत नाही. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बदल दिसतात, म्हणजे टिपूएवढ्या कुत्र्याला एका वेळी दोन-तीन मोठे कांदे, तेव्हा एकदा चाटलेल्या वाटीने घाबरून जायची गरज नाही, पण रोजचं कालवण म्हणजे रोजचा थोडा थोडा घाव. लसूण कांद्यापेक्षा कितीतरी तीव्र. हिरड्या फिक्या पडणं, लघवी कॉफीच्या रंगाची होणं, धाप लागणं ही लक्षणं खाल्ल्यावर काही दिवसांनी येतात, म्हणून कुणी ती कालवणाशी जोडतच नाही.

चिंचेचं तर मला पण अलीकडेच कळलं. द्राक्षं, मनुका, बेदाणे खाऊन कुत्र्यांच्या किडन्या का जातात हे बरीच वर्षं कोडं होतं, २०२१ साली अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आणि हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणून चिंचेचं काही नको आणि सत्यनारायणाचा बेदाणे घातलेला शिरा पण नको, प्रसाद आहे म्हणून पोरं प्रेमाने भरवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. चॉकलेट नको हे आता सगळ्यांना माहितीये, बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल पण तितकंच वाईट. आंब्याची फोड चालते, कोय नाही, आतड्यात अडकते आणि ऑपरेशनच करावं लागतं, मे महिन्यात कोयी जमिनीवर पडू देऊ नका. ओल्या खोबऱ्याचा छोटा तुकडा ठीक, पण त्यात तेल फार, आणि चामडी, तळलेले मासे, मटणाची चरबी असं तेलकट एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, कुत्रा पाठ वाकवून ओकत राहतो, त्यावेळी घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

श्रावणाचं विचारतात म्हणून सांगतो. आमच्या घरात महिनाभर मांस-मच्छी काही शिजत नाही, मग टिपूची अंडी मागच्या चुलीवर उकडतात, दोन-तीन अंडी, थोडं पनीर, चांगली शिजलेली मूगडाळ. कुत्रा मांजरासारखा नाही, तेवढं त्याला चालतं. डाळीवरच वर्षभर ठेवणं मात्र मी करणार नाही.

आणि एका सवयीबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. आपल्याकडे हवा दमट, पावसात तांदूळ, शेंगदाणे, मका, भाकरी सगळ्याला बुरशी धरते, आणि मग "आपल्याला नको तर कुत्र्याला घाला". काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते उकळून जात नाही आणि कुत्र्याचं लिव्हर त्याला फार नाजूक असतं. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात पावसात भिजून बुरशी आलेला मका खाऊन काविळीची साथ आली होती, शंभराच्या वर माणसं गेली, आणि त्याच घरांत तेच अन्न खाणारे कुत्रे पण तसेच पोट फुगून, पिवळे पडून मेले. आपण जे फेकायला काढलंय ते कुत्र्याचं जेवण नाही, ते फेकायचंच. तयार खाण्याची पिशवी पण पावसाळ्यात उघडी ठेवू नका, घट्ट झाकणाचा डबा घ्या.

मी दोन-तीन दिवसांचं एकदम शिजवतो, गार झालं की दिवसाचे डबे करून फ्रीजमध्ये, पूड आणि मिनरल पावडर वाढताना. पावसाळ्यात रात्रभर लाईट गेली तर सकाळी ते डबे टाकून देतो, जिवावर येतं पण टाकतो, आणि नेहमीच्या दिवशी पण वाढलेलं दोन तासात खाल्लं नाही तर उचलतो. नवीन जेवण सुरू करताना आठवडा-दहा दिवस घ्या, जुन्यात थोडं थोडं मिसळत, नाहीतर पोट बिघडतं आणि दोष घरच्या जेवणाला जातो. किडनीचा, लिव्हरचा, साखरेचा त्रास असलेल्या कुत्र्याला यातलं काही स्वतःच्या मनाने करू नका. आणि डॉक्टरकडे जाताना "सगळं खातो" असं सांगू नका, आठवडाभर जे काही पोटात गेलं ते ग्रॅममध्ये लिहून न्या, बिस्किटं आणि शेजाऱ्यांनी घातलेलं सुद्धा. वहीचं ते एक पान बघून डॉक्टरला पाच मिनिटांत कळतं काय नाहीये ते.

आमच्याकडे आता अंड्याचं टरफल कुणी टाकत नाही, मोरीजवळ एक जुनं ताट ठेवलंय त्यात जमतात. काकी अजून पेजेचं म्हणतातच, पण गेल्या गणपतीनंतर त्यांच्याकडे पण पिल्लू आलंय, आणि परवा संध्याकाळी त्या खळ्यातून हाक मारत आल्या, हातात धुतलेल्या टरफलांची पिशवी, म्हणाल्या, "तुझ्या मिक्सरात फिरवन् दी, आणि माझ्या पिल्लाक किती घालूचा ता डॉक्टराक इचारून सांग."